चार ट्रॅकांची मशीन आणि उलटे मामा

आपणच गायचं, कोरसही आपणच द्यायचा आणि ते सगळं सिंदेवाहीत घरी बसून रेकॉर्ड करायचं, असं माझ्या डोक्यात भरलं होतं. मोबाइलवर हे सहज होतं, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण भीमगीत म्हणताना समोर फीत फिरताना दिसली पाहिजे, हा माझा हट्ट.

चंद्रपूरच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडे दोन जुन्या मल्टिट्रॅक मशिनी, म्हणजे एकाच फितीवर चार आवाज वेगवेगळे भरणाऱ्या, विकायला होत्या. एक मोठ्या रिळांची, धानाच्या पोत्याएवढी जड. दुसरी कॅसेटवर चालणारी. मी बायकोला घेऊन गेलो. मशीन वाजवून बघायला घरची एक कॅसेट नेली होती. तिच्या एका बाजूला माझं गाणं होतं आणि दुसऱ्या बाजूला आमच्या लग्नातलं तिच्या मामांचं लांबलचक भाषण.

कॅसेट मशिनीत घातली, तर माझा आवाज चिमणीसारखा भरभर निघाला, आणि त्याच्याच खाली मामा काहीतरी अगम्य बडबडू लागले.

"अजी, मामा उलटे बोलून राह्यले," बायको म्हणाली.

"खरंच उलटे हायेत बाई," मेकॅनिक शांतपणे म्हणाला. "ही मशीन दोन्ही बाजू एकदमच वाचते, म्हणून दुसरी बाजू उलटी वाजते. अन् पळते दुप्पट. खराब नाई ते."

बायको हसता हसता स्टुलावर बसली. मामा "जय भीम"पर्यंत, म्हणजे भाषणाच्या सुरुवातीपर्यंत, पोचेस्तोवर तिने मशीन बंद करू दिली नाही. मग डोळे पुसत म्हणाली, "हेच घ्या."

मी रिळांच्या मशिनीकडे एकदा आशेने पाहिलं. ती उचलायची कोणी, या प्रश्नावर विषय मिटला.

घरी मी एकच गाणं चार आवाजांत भरलं आणि मोठ्याने लावलं. शेजारच्या बाई पोह्यांची ताटली घेऊन आल्या. "चार पाहुणे आले अन् सांगतलं नाई?"

मी त्यांना मशीन दाखवली. त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं. "दुसरा माणूस बेसूर आहे. त्याले काढून टाका."

दुसरा मीच होतो. मी तो ट्रॅक पुसून पुन्हा गायलो. तीनदा. तिसऱ्या वेळी त्यांनीच माइक ओढला आणि एका दमात गाऊन दाखवलं.

ती कॅसेट आता ज्याला ऐकवावी तो विचारतो, "ह्या बाई कोण?" बाकीच्या तिघांची चौकशी अजून कोणी केलेली नाही.