जीनवलालची सही

जीवनलालचा अल्काबाईंवर काडीचाही विश्वास नव्हता. पोस्टातून निवृत्त झालेली ही बाई अर्जुनीच्या शाळेत 'कमळ'चं 'मकळ' लिहिणाऱ्या पोरांना शिकवायची, तेही बिनपगारी!

"फुकटात कोण कायले शिकवते? माह्या पोरीले येडी ठरवून राहिली ही बाई," असं म्हणत तो तणतणत वर्गात शिरला. ओमेश्वरीला त्या वर्गातून काढावं, असा अर्ज त्याने बाईंकडूनच लिहून घेतला आणि खाली सही ठोकली.

सही बघून बाई थबकल्या. 'जीनवलाल' लिहिलं होतं.

"वीस वर्षं तुमच्या पत्रांवरचे असेच उलटेपालटे पत्ते वाचले मी," त्या म्हणाल्या. "एकही पत्र चुकू दिलं नाही. आता तुमची पोरगी चुकू देऊ?"