किटलीवर उठलेला अंगठा

सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. कचेरीत तीस वर्षं टंकलेखन करून ती निवृत्त झाली, त्याच महिन्यात कोपऱ्यावरचा जुना छापखाना बंद पडला. तिथले दोन सपाट दगड आणि एक हातयंत्र भंगारात निघालं होतं, ते तिने घरी आणलं. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, डिंक-तेजाब लावायचं, मग दगड ओला ठेवून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेघेला तेवढी चिकटते; वर कागद दाबला की छाप. हे वाचायला पाच मिनिटं लागली, जमायला चार वर्षं. शिकवायला कोणी नव्हतं.

तिला काढायच्या असत जागच्या न हलणाऱ्या वस्तू. या घरात तसं काही नव्हतंच. मांडलेली वांगी वहिनी उचलून चिरायची. "अहो वन्सं, चार दिवस पडून होती, किडली असती ना!" मग आत्या करवादत मंडईत जायची आणि तशीच वाकड्या देठाची तीन वांगी शोधायची. "बाई, वांगी घेताय की सून बघताय?" भाजीवाला वैतागायचा.

यंदा तिने किटलीशेजारी वांगी मांडली आणि खोलीला कुलूपच लावलं. एकोणीस दिवस खपली. वांगी सुरकुतली, तर सुरकुत्याही काढल्या. पहिला छाप उचलला आणि बघते तर किटलीच्या पोटावर हा एवढा काळा अंगठा!

"दादा!"

थोरला भाऊ दारात आला. "तू कुलूप न लावता पाणी आणायला गेलीस ना, तेव्हा डोकावलो. नुसता हात लावला गं. दगडावरची किटली खरीच वाटली."

"नुसता! सायकलच्या साखळीला तेल घालून तोच हात?"

तिने पात्याने डाग खरवडून पाहिला. किटलीच फिसकटली. आता अख्खा दगड घासून कोरा करण्यावाचून इलाज नव्हता.

"घास," ती म्हणाली.

ओली वाळू पसरून दादा दुसरा दगड त्यावर गोल गोल फिरवत राहिला. तासाभरात खांदे भरून आले.

"दर चित्राला एवढं घासतेस?"

"दर चित्राला."

दादाने आणखी मूठभर वाळू टाकली. चार वर्षांत हे कुणी विचारलंही नव्हतं, हे आत्याच्या लक्षात आलं. पण राग काही उतरला नव्हता. "कोपरे राहिलेत," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात नव्याने काढलेल्या चित्राचे सात छाप स्वच्छ निघाले. दादाने एक मागून घेतला आणि भिंतीवर लावला. वहिनी बराच वेळ बघत राहिली.

"छान आलंय हो. पण किटलीची तोटी डावीकडे कशी?"

"छाप उलटाच येतो, वहिनी!" आत्याने कपाळावर हात मारला. "चार वर्षं तेच सांगतेय!"