कापसातली गाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे आणि इतक्या वर्षांनीसुद्धा — हसू नका — छातीत धडधडतंय!

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. आम्ही सेलूला राहायचो, मी मॅट्रिकला होते. वर्गात माझ्या शेजारी सुजाता बसायची. तिच्या घरी एक गमतीची रीत होती — सकाळी चहाला बसलं की ज्यानं त्यानं रात्रीचं स्वप्न सांगायचं. शाळेत आली की ती सगळ्यांची स्वप्नं मला ऐकवायची. त्यातली तिच्या भावाची, मिलिंदची, मी कान टवकारून ऐकायचे. का? तो कॉलेजात होता, हात सोडून सायकल चालवायचा, आणि — बास, सोळाव्या वर्षी एवढं पुरतं!

एकदा शाळा सुटल्यावर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीपाशी तो एकटाच भेटला. काय सुचलं देव जाणे! मी म्हणाले, रात्री मला स्वप्न पडलं, शाळेच्या पत्र्यावर म्हैस चढली होती आणि तुम्ही तिला खाली बोलवत होता. सुजातानं सकाळी सांगितलेलं, जसंच्या तसं. तो सायकलवरून पडायचाच बाकी राहिला. "अगं, मला बी हेच पडलं की!" काय तो चेहरा! मला आभाळ ठेंगणं झालं.

मग चटकच लागली. दोन-चार दिवस गेले की ती भिंत, ती सायकल आणि 'आमचं' स्वप्न. तो म्हणायचा, दिवसा आपल्या गल्ल्या वेगळ्या, रात्री गाव एकच. त्याला बहिणीचा संशय कसा आला नाही? अहो, त्या वयात संशय कुणाला हवा असतो? लबाड होते मी, पक्की लबाड. पण काय सुखात होते!

तुम्ही म्हणाल, पोरवयातली थाप, तिचं एवढं काय? थांबा — सांगायचं आहे ते हे नाहीच.

त्या हिवाळ्यात सुजाता आठवडाभर मामाकडे बोरीला गेली. आता स्वप्नं आणायची कुठून? आणि एका पहाटे मलाच पडलं — खरंखुरं! रुळांवर गुडघाभर कापूस, त्यातून गाडी आवाज न करता चाललेली, डब्यात आम्ही दोघंच, आणि माझ्या एका पायात चप्पल नाही. दचकून उठले ती खाटेखाली चपला चाचपत. दोन्ही होत्या. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात ना? आनंदानं मला घास गिळवेना.

संध्याकाळी मिलिंद भिंतीपाशी आधीच उभा. "आज तू आधी सांग. तुला बी तेच पडलं असंल, तर मी आत्ताच तुझ्या वडिलांकडं येतो. मारलं तर मार खाईन, पण येतो."

त्यांचं घर बौद्ध. आमचं शेतीवाडीवाल्या मराठ्यांचं. सुजाता आमच्याकडे आली की तिच्यासाठी पाण्याचा पेला वेगळा असायचा, आणि तो मुकाट्यानं आणून द्यायची मीच. खेळ होता तोवर त्याची जात मला आडवी आली नव्हती. खरं झालं — आणि आली.

"मला काईच न्हाई पडलं," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले का? नाही. "आधीचं समदं सुजातानं सांगितलेलं. मजा केली तुमची."

 तो स्वतःशीच बोलावं तसं हळू म्हणाला, "रुळावर लय कापूस होता. तुझ्या एका पायात चप्पल नव्हती."

मी पाय पुढे करून त्याला दोन्ही चपला दाखवल्या. आणि हसले — मोठ्यानं.

बोरीहून आल्यावर सुजाता दुसऱ्या बाकावर बसायला लागली. मिलिंद त्या रस्त्यानं पुन्हा दिसला नाही.

डाव्या पायातली. चप्पल डाव्या पायात नव्हती.