तीन चाकं, दोन फळ्या

यांची तीनचाकी न्यायला अणदूरची माणसं रविवारी सकाळी आठला येणार होती, म्हणून मी शनिवारी रात्रीच्या स्वयंपाकाआधी यादी करून ठेवली. शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून चोवीस वर्षं झाली, ती सवय आता जाणार नाही. हे गेले त्या दिवशीही मी यादी केली होती. कुणाला फोन, कोण काय आणणार, पाहुण्यांना चहा कुठून. बायका म्हणाल्या, खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नाही. आत काही वाटतच नव्हतं, म्हणून हात चालत होते. या गोष्टीला आता चार महिने झाले होते आणि हात अजून तसेच चालत होते.

तीनचाकी म्हणजे मूळची बुलेट. यांचा उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. तुळजापूरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून मागचं चाक काढून तिथं आडवा कणा घालून घेतला, त्याला दोन चाकं बसवली. पायाला आधाराला बांधलेलं लोखंडी कॅलिपर ब्रेकच्या पट्टीत अडकायचं, म्हणून पट्टीच कापून टाकली. तिच्याऐवजी सीटच्या उजव्या अंगाला एक लोखंडी दांडा. तो ओढला की मागची दोन्ही चाकं धरायची. दांडा मुद्दाम जरा मागं घेतलेला होता. तुळजापूरहून आमच्या तामलवाडीला येताना घाट उतरावा लागतो, तिथं यांना दोन्ही हात हँडलवर हवे असायचे. मग मागं बसून दांडा मी ओढायची. एकोणीस वर्षं. 'ब्रेक' असं ते तोंडानं कधी म्हणाले नाहीत. पाठ जरा ताठ झाली की मी ओढायची.

अणदूरचे गृहस्थ यांच्या ओळखीतले. मळणीयंत्रात त्यांचा डावा पाय गेला. शिवणकामाचं दुकान बसस्टँडजवळ आणि घर मळ्यात, रोज कुणाच्या तरी मागं बसून जायचं. गाडी त्यांच्या उपयोगाची होती, फक्त लगेच चालवता येणार नव्हती, कारण गिअर डाव्या पायाचा. तो हातावर करून घ्यावा लागणार. म्हणून पिकअपमधून न्यायची ठरली.

ते पहिल्यांदा बघायला आले तेव्हाच सासूबाईंनी अट घातली होती.

"न्या. पण ढकलत न्यायची न्हाय," त्या ओट्यावरनं म्हणाल्या. "आमच्यात दिलेला बैलसुदिक दारातनं आपल्या पायानं निघतोय. माझं लेकरू चौघांनी उचलून नेलं. ही तरी आपली आपण चालत जाऊ द्या."

 म्हणून शनिवारी मी यादीत लिहिलं: गाडी चालू करून चढवणे. त्या ओळीच्या वर हवा तपासणे, कागदपत्रं, दोर चार. तिच्याखाली मापं. गाडी रुंदीला चार फूट पाच इंच, पिकअपचा हौदा आतून पाच फूट. आणि शेवटी: फळ्या दोन.

ते आठला म्हणाले होते, नऊला आले. पिकअप त्यांचा मेहुणा चालवत होता, चौकड्याच्या शर्टातला आडवा गडी. आमच्याकडून मदतीला माझे चुलत दीर. अपेक्षेप्रमाणे बॅटरी बसलेली. वायरी मी आणून ठेवल्या होत्या. पिकअपच्या बॅटरीला जोडून सहाव्यांदा बटण दाबल्यावर गाडी सुरू झाली. ओट्यावर सासूबाई सुपात तुरीची डाळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. मी सायलेन्सरचा धूर बघितला, काळा नव्हता. वायरी गुंडाळल्या.

मेहुण्यानं गाडी पहिल्या गिअरात टाकली, अंगण ओलांडलं आणि सरळ कडब्याच्या गंजीत घुसवली. गाडी बंद पडली.

"अहो पाव्हणं," अणदूरचे काठीवर रेलून म्हणाले, "गाडीला कडबा चारायला आणलंय व्हय तुम्हाला?"

"दाजी, ब्रेकच न्हाय की हिला! पाय टाकला तर खाली नुसती हवा!"

"दांडा हाय म्हणून चारदा सांगितलं की."

"सांगितल्यालं डोक्याला कळतंय. पायाला कुठं कळतंय?"

चुलत दीर पुढं झाले. "कशाला नादी लागायचं? चौघं हाव. ढकलू, दोन मिनिटांचं काम."

"ढकलायची न्हाय."

सासूबाईंचा आवाज मोठा नव्हता. पण दिरांनी हँडलवरचा हात काढून घेतला.

आमच्या घरामागं एक उंच बांध आहे. बाजाराला म्हैस न्यायची असली की तिथंच गाडी मागं लावतात. बांध आणि हौदा जवळजवळ सारख्या उंचीचे येतात, मधे दोनेक हातांची फट राहते, तिच्यावर फळ्या टाकायच्या. पिकअप मागं लावली. मी आणलेल्या दोन फळ्या दिरांनी चाकांच्या अंतरावर ठेवल्या. मेहुण्यानं फळ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वहिनी, हिला चाकं किती?"

मी यादी बघितली. फळ्या दोन. ट्रॅक्टरला दोन लागतात, जीपला दोन लागतात, मागची चाकं पुढच्यांच्या वाटेनंच जातात. हिचं पुढचं चाक एकटं मधोमध. मधे नुसती फट. जिच्यावर एकोणीस वर्षं बसले, तिची चाकं मला मोजता आली नव्हती. लाज वाटायला हवी होती. मी फक्त दोनवर काट मारली आणि तीन लिहिलं.

"आता तिसरी कुठनं आणायची?" दीर म्हणाले. "गावात जाऊन येऊ का?"

मी ओट्याकडं जाऊन सासूबाईंना सांगितलं की जरा वेळ लागेल, एक फळी कमी पडतीय.

"दारातली काढा," त्या म्हणाल्या.

आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. यांना चढता याव्यात म्हणून त्यांच्यावर सागाची जाड फळी टाकलेली, खाली लोखंडी पट्ट्या मारलेली. आम्ही सगळेच तिच्यावरून ये-जा करायचो. दिरांनी ती उचलली. खालून पायऱ्या निघाल्या त्या कोऱ्या होत्या. सिमेंटच्या कडा जशाच्या तशा, गवंड्याच्या थापीच्या रेघासुद्धा दिसत होत्या. त्यांच्यावर कुणाचा पायच पडला नव्हता. मी केरसुणी आणून झाडून काढल्या.

फळी मधे बसली. हलत नव्हती. आता प्रश्न हौद्यातला होता. वर गेल्यावर नेमक्या जागी थांबायला हवं, नाहीतर पुढचं चाक केबिनच्या पत्र्यात. मेहुणा मोकळेपणानं म्हणाला, "मला हँडल जमंल, क्लच जमंल. आयत्या वेळी हात दांड्याकडं जाईल ह्याचा भरवसा न्हाय. पाय आधी जातोय."

"तुम्ही हँडल सांभाळा," मी म्हणाले. "दांडा माझ्याकडं."

यादी ओट्यावर सुपाशेजारी ठेवली, पदर खोचला आणि मागं बसले. सीटचं रेक्झिन तापलेलं होतं. पुढं पाठ होती, पण रुंद, घामेजलेली. यांची अरुंद होती आणि डावीकडं कललेली. या पाठीवरून मला काहीच कळत नव्हतं.

गाडी पुन्हा सुरू झाली. घराला वळसा घालून बांधावर आली. अणदूरचे हौद्याच्या बाजूला काठी उंच धरून उभे, "या, या, सरळ या" करत. मधल्या फळीवर पुढचं चाक चढलं तेव्हा ती करकरली, दारात करकरायची तशीच. मग मागची दोन्ही चाकं. मग हौद्याच्या पत्र्याचा घणघण आवाज. मेहुणा काही बोलला नाही, त्याची पाठही ताठ झाली नाही, पण दांडा ओढला गेला. पुढचं चाक केबिनपासून वीतभर अंतरावर थांबलं.

त्यानं किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. तो उतरला, दिरांनी दोर आत टाकले.

"वहिनी," तो जरा वेळानं म्हणाला, "सोडा आता. थांबली गाडी."

मी हाताकडं बघितलं. दांडा अजून ओढलेलाच होता. बोटं एकेक करून काढावी लागली.

मग मी खाली उतरले, दोराच्या गाठी चारही कोपऱ्यांत ओढून बघितल्या, एक सैल होती ती पुन्हा बांधून घेतली. दांडा चालवणाऱ्याच्या हाताला कसा येईल ते अणदूरच्यांना दाखवलं. ते म्हणाले, "गिअर हातावर केला की पहिल्यांदा तुम्हाला दाखवायला आणतो." मी बरं म्हणाले. पिकअप गेली. दिरांनी सागाची फळी आणून जिथली तिथं टाकली आणि ते पण गेले.

सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "चढली का?"

"चढली."

"आपली आपण?"

"आपली आपण."

"आणि तू व्हतीस वर?"

"ब्रेकला बसले होते."

त्यांनी सूप हलवलं. "बरं केलंस. घाटात तूच धरायचीस न्हवं. त्यो सांगायचा मला. म्हणायचा, आई, मागं ती असली की मी ब्रेककडं बघत बी न्हाय."

मला यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मी यादी उचलली, घडी घातली आणि सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसले. डाळीत खडे बरेच होते. काही वेळ मला ते नीट दिसेनात, तेव्हा मी नुसताच हात फिरवत राहिले. सासूबाईंनी माझ्या बाजूची डाळ हळूच आपल्याकडं ओढून घेतली.