दुमडलेला कोपरा

"त्या बाईंनीच माझ्या पोरीचा निबंध भिंतीवर लावला होता," अभ्यासिकेच्या दारात एक काकू नव्या पालकांना सांगत होत्या. मी आत फळा पुसत होते. पुसतच राहिले.

बाई म्हणजे नाहूरच्या आमच्या अभ्यासिकेत रोज दुपारी मुलांना लिहायला शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिका. मी त्यांची मदतनीस. विषय त्या कधीच देत नसत. विचारत, "येताना कुठे थांबलास?" जिथे पाय थांबले, तो विषय. एकदा एक मुलगा म्हणाला, कुठेच नाही. "मग परत जा. थांबून ये." तो खरंच गेला आणि चाव्या बनवणाऱ्यावर दोन पानं लिहून बसला.

मी इंग्रजी माध्यमातली. चुकेन म्हणून मराठीत कमीच बोलायचे. "तू नुसती बघतेस गं," बाई म्हणायच्या, "ते पण लागतंच." मूल अडखळलं तरी त्याचं वाक्य स्वतः पूर्ण न करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माझ्यासाठीही त्या तशाच थांबायच्या.

पालकसभेआधी त्यांनी निबंधांचा गठ्ठा माझ्याकडे दिला, यातले भिंतीवर लाव म्हणाल्या. काही कागदांचे कोपरे दुमडलेले होते. माझ्या शाळेत त्यासाठी ओरडा बसायचा. मी पट्टी फिरवून सगळे सरळ केले आणि सगळे लावले. कोपरा दुमडला म्हणजे हे फक्त बाईंनी वाचायचं, असं त्यांचं आणि मुलांचं ठरलेलं होतं. मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही.

त्या दुमडलेल्या कागदांत काकूंच्या मुलीचाही होता. ती बागेपाशी थांबली होती. ऑफिसला गेलेले बाबा तिथे बाकावर डबा खात होते. दुसऱ्या दिवशीही. नवऱ्याची नोकरी गेल्याचं काकूंना चार लोकांत, भिंतीवरून कळलं.

अभ्यासिकेच्या समितीने जाब विचारला तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "चूक माझी." मी शेजारीच उभी होते. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

मुलगी येते. मागे बसते, लिहीत नाही. परवा मी विचारलं, कुठे थांबलीस? तिने वही मिटली.

फळ्यावर पुसायला काही उरलं नव्हतं. मी डस्टर ठेवलं आणि दाराशी गेले. मुलगी पायरीवर चपला काढत होती.

"काकू, तो कागद बाईंनी नाही लावला. मी लावला."