दुधाच्या दातांना दूध काय बाधणार!

कपबश्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या त्या बाईला सगळे ‘घार’ म्हणायचे, आणि ते नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. भट्टीतून निघालेला कप तिने हातात घेऊन एकदा फिरवला, की केसाएवढी चीर असो नाहीतर मोहरीएवढा डाग, सुटायची बात नाही. सुपरवायझरने कौतुक केलं तर म्हणायची, “डोळे उघडे ठेवले की दिसतं हो, त्यात काय एवढं!” आणि तोऱ्यात पुढचा कप उचलायची.

आणि या घारीला स्वतःच्या चार वर्षांच्या लेकीच्या तोंडात काय चाललंय ते कळलं नाही! काय म्हणावं आता!

दिसलं नव्हतं असं नाही. वरच्या दातांवर हिरडीलगत आधी खडूसारखा पट्टा आला, मग तो पिवळा झाला, मग तपकिरी. तिने पाहिलं आणि सोडून दिलं. “दुधाचेच तर आहेत, पडतील.” पोर साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपायची. शेजारीण एकदा म्हणालीसुद्धा, “अगं, दात किडतील तिचे.” बाईचं उत्तर तयार, “दुधाच्या दातांना दूध काय बाधणार?” शेजारणीलाही ते पटलं, बोला! सकाळी ब्रश पोर आपला आपण करायची, म्हणजे पेस्ट चाटायची.

एके दिवशी सकाळी पोर उठली ती उजवा गाल सुजवूनच. डोळा अर्धा झाकलेला, अंगात ताप. रजा कळवून, पोरीला कडेवर घेऊन घारीने दातांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला आईच्याच मांडीवर आडवं घेतलं आणि छोटासा आरसा आत घातला. पोर रडली नाही की हलली नाही.

“पुढचे चार गेलेच आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि ही मागची दाढ. आत पू झालाय. सूज डोळ्याकडे चढतेय, आजच काढावी लागेल.”

“काढायची? अहो, पण दुधाचीच ना ती?”

“दुधाची म्हणून काय झालं? ही दाढ दहा-अकरा वर्षांपर्यंत लागते. खाली पक्का दात तयार होतोय, त्याची जागा ही धरून ठेवते. पू तिथवर गेला तर तोही बिघडेल.”

“पण मी तर दूधच देत होते हो!”

“दुधातही साखर असते, तुम्ही वर आणखी घातलीत. ती रात्रभर दातांवर बसून राहिली. पहिला दात दिसला की ब्रश मोठ्यांनी करायचा, मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. ब्रश झाला की झोपताना फक्त पाणी. आणि वर्षाचं मूल झालं की एकदा दाखवून न्यायचं.”

बाईने मनात हिशेब केला. वर्षाचं! म्हणजे तीन वर्षं उशीर झाला होता.

“किती दिवस दुखत असेल हिला?”

“महिनोन् महिने. एका बाजूनेच खात असणार. बोलली नाही का काही?”

“एक अक्षर नाही!” बाईने लेकीचा चेहरा आपल्याकडे वळवला. भीती, राग, सगळं एकदम तोंडाशी आलं. “का गं? दुखत होतं तर सांगायचं नाही का आईला?”

पोरीने आधी आईकडे पाहिलं, मग ट्रेमधल्या चकचकीत हत्यारांकडे.

“तूच म्हणतेस ना, रडलीस तर दातवाल्या डॉक्टरकडे नेईन, ते दात उपटतात.” तिने आईचा पदर घट्ट धरला. “मी रडलेच नाही ना, आई? मग का आणलंस?”