काकीचा आग्रह

जनीकाकीने पहिल्याच भेटीत माझ्यापुढे भरलेला ग्लास धरला. "घे रं, तुला माझी शपथ हाय." मी भडकलोच. दारू सोडायला आलेल्या माणसाला ही बाई आग्रह करते म्हणजे काय? ग्लासात गार झालेला कोरा चहा होता, पण रंग हुबेहूब दारूचा. माझा हात पुढे गेला होता आणि तिने तो बघितला होता.

काल्हेरला एका गोदामामागच्या खोलीत आमचा गट रविवारी सकाळी जमायचा. गंडेदोरे नाहीत, देवापुढे नाक घासणं नाही. ते सगळं करून दमलेलीच माणसं तिथे यायची. काकी कधी कोणाचा मेव्हणा व्हायची, कधी दोस्त, आणि ग्लास पुढे करायची. आपण नकार द्यायचा, हीच तालीम. मी म्हणायचो, "औषध चालू आहे." ती तिथेच अडवायची. "मग लोक औषध संपायची वाट बघतील रं. सरळ सांग, पीत न्हाय."

काकी धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. आमच्याकडे धवलारणीला गाण्याआधी ग्लास देतात. त्यातूनच तिला लागली होती. दारू सोडली तरी गाणं मात्र तिने सोडलं नाही.

माझ्या भाच्याची हळद ठरली. बायको, सुनीता, मुलीला घेऊन खारबावला माहेरी निघून गेली होती. "हळदीत बघते, मग ठरवते," एवढंच ती फोनवर म्हणाली. आमच्या हळदीत पहिला ग्लास मामाचा. म्हणून आदल्या रविवारी काकीने भाच्याचा बाप होऊन मला अगदी पिळून काढलं.

पण हळदीत ग्लास घेऊन आली ती माझी धाकटी बहीण. तिची तालीम आम्ही केलीच नव्हती.

"दादा, मामाचा मान हाय. नुसता ओठाला लाव."

तोंडाला पाणी सुटलं. सांगायला लाज वाटते, पण सुटलं. समोर सुनीता बसलेली. मांडवात काकी गात होती. वाटलं, काकी उठेल, मला सोडवेल. कसली उठतेय, गातच राहिली.

"औषध चालू आहे गं."

"मग आजच्या दिवस औषध नको घेऊ."

घ्या, काकी म्हणायची तेच झालं. "बाय, मी पीत नाही. आज नाही, उद्याही नाही."

तिचा चेहरा उतरला. ग्लास घेऊन ती आत गेली आणि नंतर माझ्याशी धड बोलली नाही. सुनीताने मुलीची पिशवी माझ्या गाडीत आणून ठेवली.

निघताना मी काकीवर चिडलो. "तू उठली का नाहीस?"

तिने तळहात दाखवले. नखं रुतल्याचे वळ उठले होते. "मीच कशीबशी बसलेली. माझ्यापुढंपन ग्लास आलेला. दर हळदीला येतो."

पुढच्या रविवारी तिने ग्लास माझ्या हातात दिला. "आज तू मला आग्रह कर. खरा कर, लाजू नको."

मी बहिणीसारखंच म्हणालो, "काकी, धवलारणीचा मान हाय. नुसता ओठाला लाव."

ती ग्लासाकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी पीत न्हाय."

मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "परत आग्रह कर."